दापोलीकडच्या लग्नाला जाताय?

हळद आणि लग्नामध्ये मोकळी दुपार मिळाली की पाहुणे गाडी काढतात आणि जेवायच्या वेळी उपाशी फिरतात. मुरूड, आंजर्ले, हर्णै पट्ट्यातल्या घरगुती खानावळीत ऐनवेळी ताट मिळेलच असं नाही. सकाळीच फोन करून माणसं किती, त्यात शाकाहारी किती, ते सांगा. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशीच.

संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा, समोर सुवर्णदुर्गही दिसतो. (१ जूनपासून मासेमारी बंद, तेव्हा लिलावही नाही.) चपला जुन्या घाला, तिथल्या चिखलपाण्यात लग्नातल्या मोजड्या गेल्याच म्हणून समजा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती उन्हं चढण्याआधी करावा. पेट्रोल दापोलीतच भरा आणि रोख जवळ ठेवा, रेंज गेली की यूपीआय रुसतं.