मांडव्याहून परतताना: फर्लिंग जिबचा रीफ

शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून नवीन आलेल्यांना फर्लिंग जिब, म्हणजे गुंडाळता येणारं पुढचं शीड, फार आवडते. नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) ड्रमचा दोर थेट कॉकपिटपर्यंत आलेला असतो. तो ओढला की फोरस्टेवरची, म्हणजे नाळेपासून डोलकाठीला जाणाऱ्या तारेवरची, नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. उसळत्या डेकवर कुणी पुढे जायला नको. पण ओढायला सोपं म्हणून लोक रीफ (जोराच्या वाऱ्यात शीड लहान करणं) उशिरा घेतात, आणि तिथेच फसतात.

मुंबईचंच बघा. पावसाळा सोडला तर दुपारी खारे वारे सुटतात, बहुतेकदा वायव्येकडून. कुलाब्याचं टोक मागे टाकून मांडव्याकडे निघालात की वारा पाठीवर. समजा तो 15 नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आहे आणि बोट 6 नॉटने चालली आहे, तर डेकवर जाणवतो जेमतेम 9. मंडळी निवांत, डबे उघडलेले. हीच बोट परतीला वाऱ्यावर चढवली, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने तिरकी नेली, की तोच वारा 20 च्या आसपास लागतो. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो जवळजवळ पाचपट झाला. तेव्हा परतीला वळण्याआधीच रीफ घ्या. वारा पाठीवर असताना मेनसेलच्या (मागच्या मुख्य शिडाच्या) आडोशाला जिब लुळी पडलेली असते, एका हाताने गुंडाळली जाते.

शीट, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा ओढून धरणारा दोर, पूर्ण सोडू नका. ती सोडली की शीड फडफडतं, दोन्ही शीटा एकमेकींत अडकतात आणि गुंडाळी सैल बसते. एकाने फर्लिंगचा दोर ओढायचा, दुसऱ्याने विंचवर (दोर ओढायच्या दांड्याच्या चरकीवर) एखादा वेढा ठेवून शीट थोडी थोडी द्यायची. गुंडाळी घट्ट हवी, नाहीतर शिडाच्या मध्यभागी पोट सुटतं आणि वाऱ्यावर बोट चढतच नाही. फार गुंडाळूनही उपयोग नसतो. एक तृतीयांशाच्या पुढे गेलात की आकार पार बिघडतो. मग मेनसेलचा रीफ बघा.

फर्लिंगचा दोर नेहमी हाताने ओढायचा, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावतो. ड्रम नीट फिरत असेल तर तळहाताला एकसारखी ओढ लागते. मध्येच ती दगडासारखी घट्ट झाली तर थांबा. विंचच्या दांड्याला हात लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण विंचला काही जाणवत नाही. तो नळी पिळेल, फोरस्टेची तारही उसवेल. आधी बघा, दुसऱ्या बाजूची शीट क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) राहिली आहे का. मग ड्रम: दोरावर दोर चढलाय का. शेवटी दुर्बीण लावून डोलकाठीचा शेंडा बघा, तिथे हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, नळीभोवती गुंडाळलेलं असू शकतं.

ड्रमवरचा गुंता बहुतेक वेळा सकाळीच झालेला असतो. जिब उघडताना दोर सोडून दिला की ती धाडकन उघडते आणि ड्रमवर दोराचे वेढे वेडेवाकडे बसतात. उघडतानाही दोर हातात ताणूनच द्यायचा. माझ्या मते रीफची निम्मी तयारी तिथेच होते.

रीफ घेतल्यावर शीटची पुली विसरू नका. शिडाचा मागचा कोपरा आता पुढे आणि वर सरकलेला असतो, म्हणून पुलीही पुढे घ्या. शिडाचा वरचा भाग आधी फडफडला तर ती अजून मागे आहे, खालचा फडफडला तर फार पुढे गेली. शिडाच्या खालच्या काठावर रीफच्या खुणा करून ठेवल्यात तर दर वेळी अंदाज करावा लागत नाही.

मुरिंगवर (बोट बांधून ठेवायच्या जागी) बोट सोडताना शीड पूर्ण गुंडाळून वर शीटांचे दोन-तीन वेढे द्या आणि फर्लिंगचा दोर क्लीटला पक्का बांधा. जोराच्या वाऱ्यात गुंडाळी घट्ट होते आणि वेढे जास्त लागतात, तेव्हा ड्रमवर तेवढा जादा दोर आहे ना तेही तपासा. काठावरची उन्हापासून शीड वाचवणारी पट्टी बाहेरच्या बाजूला दिसली पाहिजे. ती आत गेली असेल तर शीड उलट्या दिशेने गुंडाळलं गेलंय. आणि मे संपायच्या आत जिब उतरवून घरी न्या.