पेलेट स्टोव्ह सारखा बंद पडतोय? उघडण्याआधी ही तयारी करा

पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर (पेलेटवर) चालणारी शेगडी, मध्येच विझायला लागली की पहिला संशय कंट्रोल बोर्डावर जातो, आणि नेमका तोच भाग महाग असतो. बोर्ड बिचारा बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतो. हवा कमी पडली, जाळ धरल्याची खूण मिळाली नाही किंवा उष्णता हद्दीबाहेर गेली, की पेलेट टाकणं थांबवायचं हेच त्याचं काम. त्यामुळे सुटे भाग मागवण्याआधी राख काढायच्या तयारीला लागा.

पण त्याच्याही आधी घड्याळ आणि कागद घेऊन बसा. स्टोव्ह सुरू केल्यापासून किती वेळाने बंद पडतो, ही एक नोंद अर्धं काम करते. पहिल्या एक-दोन मिनिटांतच थांबत असेल तर संशय हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या व्हॅक्यूम स्विचवर, म्हणजे खरं तर धुराच्या वाटेवर. जाळ व्यवस्थित पेटून दहा-वीस मिनिटांनी विझत असेल तर ज्वाळेची खूण देणाऱ्या सेन्सरकडे बघायचं. तासन्‌तास चालून मग थांबत असेल तर पेलेट जिथे जळतात त्या भांड्यात साचत गेलेली राख, हॉपरमध्ये (पेलेट भरायच्या टाकीत) अडकलेले पेलेट किंवा अति तापणं. मॉडेलप्रमाणे या वेळा पुढेमागे होतात, म्हणून पुस्तिका शोधून ठेवा आणि स्क्रीनवर कोड येत असेल तर त्याचा फोटो काढा. बटण दाबून कोड घालवण्याची घाई करू नका. जाळाचा रंगही लिहून ठेवा. आखूड, चपळ, उजळ पिवळा जाळ म्हणजे हवा पुरेशी आहे. लांब, आळसावलेला, टोकाला काळपट झालेला नारिंगी जाळ असेल तर हवा कुठेतरी अडते आहे.

आता सामान. राखेसाठीचा खास व्हॅक्यूम क्लीनर हवा, घरातला नेहमीचा चालणार नाही. बारीक राख त्याच्या फिल्टरमधून आरपार उडते आणि चुकून एखादा निखारा आत गेला तर पिशवीच पेटते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि तो घराबाहेर, लाकडी फळीवर नव्हे तर दगडावर किंवा सिमेंटवर ठेवा, कारण राखेत निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. शिवाय मऊ रंगकामाचा ब्रश, पातळ तार, टॉर्च, मास्क, हातमोजे आणि धुराड्याच्या मापाचा गोल ब्रश लागेल. बऱ्याच पेलेट स्टोव्हचं धुराडं तीन किंवा चार इंचांचं असतं, ब्रश आणण्याआधी ते मोजून घ्या. धूर ओढणारा ब्लोअर काढायचा विचार असेल तर त्याचं नवीन गास्केट (सांधा हवाबंद करणारी पट्टी) आधीच आणून ठेवा. जुनं गास्केट काढताना फाटतं आणि मग ऐन थंडीत स्टोव्ह उघडा पडून राहतो.

स्टोव्ह बटणाने बंद करा, पंखे आपोआप थांबू द्या, मगच प्लग काढा. चालू स्टोव्हचा प्लग उपटला तर धूर खोलीत येतो. पूर्ण गार व्हायला काही तास लागतात, तेवढ्या वेळात पेलेट तपासून घ्या. मूठभर तळहातावर घ्या. चांगला पेलेट गुळगुळीत, किंचित चकचकीत असतो, मोडला की टक्‌कन आवाज येतो आणि पाण्यात टाकला तर बुडतो. ओल खाल्लेला पेलेट फुगलेला असतो, बोटांत चुरडला की भुसा होतो. ईएनप्लस ए१ या पेलेटच्या प्रमाणित दर्जात ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणि राख ०.७ टक्क्यांपर्यंत चालते, पिशवीवर हे बघा. हॉपरच्या तळाशी साचलेला भुसा ऑगरच्या, म्हणजे पेलेट भांड्याकडे ढकलणाऱ्या स्क्रूच्या, तोंडाशी दाटतो. वर पेलेट भरलेले दिसतात आणि खाली भांडं उपाशी. म्हणून हॉपर पूर्ण रिकामा करून तळ साफ करायचा. त्याच्या झाकणाला स्विच असेल तर झाकण नीट दाबून बसतंय ना, तेही बघा. अनेक मॉडेलमध्ये झाकण किंचित उघडं राहिलं तरी ऑगर फिरत नाही.

गार झाल्यावर जळणाचं भांडं बाहेर काढा आणि टॉर्चसमोर धरा. प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे. काचेसारखे कडक खडे तळाला चिकटले असतील तर खरवडा, तारेने भोकं मोकळी करा आणि भांडं परत बसवताना ते तिरकं राहत नाही ना, हे पाहा. पुढे आतल्या पट्ट्यांमागची राख, ब्लोअरची पाती, धुराड्याच्या टी-जोडाचं झाकण, बाहेरची जाळी. पक्ष्यांना ती जाळी घरटं बांधायला आवडते.

व्हॅक्यूम स्विचची रबरी नळी मात्र सावकाश हाताळा, कारण एवढीशी वस्तू पण बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती हीच. नळी जिथे स्टोव्हला जोडलेली असते ते भोक राखेने बुजतं आणि बाकी सगळं ठीक असूनही स्टोव्ह थांबतो. नळी काढून भोक तारेने मोकळं करा, नळीला चिरा आहेत का बघा. स्विचला जोडलेल्या नळीत फुंकर मारू नका, आतला पातळ पडदा फाटतो. हा स्विच किंवा उष्णतेचा स्विच तारेने जोडून चुकवण्याचे सल्ले सर्रास मिळतात. ते ऐकू नका. धूर उलटा आला तर त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला वास नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खोलीत नसेल तर आजच लावा.

दाराचं गास्केट कागदाच्या पट्टीने तपासा. पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथून हवा शिरते. चारही बाजूंनी करा, बिजागरीकडची बाजू विसरू नका. ज्वाळेच्या सेन्सरवरची काजळी कोरड्या कापडाने पुसा आणि तो आपल्या जागी घट्ट बसलाय का पाहा. स्टोव्ह खोलीतलीच हवा घेत असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद ठेवून एकदा चालवून बघा. घट्ट बंद घरात तो पंखा स्टोव्हची हवा पळवतो.

सगळं जागेवर बसवलं की स्टोव्ह पेटवा आणि आधी लिहून ठेवलेली वेळ उलटून जाईपर्यंत जवळ थांबा. पुन्हा त्याच वेळी थांबला तर तंत्रज्ञाला बोलवा. त्याच्यासाठी मॉडेल नंबर, कोडचा फोटो, वेळेची आणि जाळाची नोंद, काय काय साफ केलं त्याची यादी आणि सध्या वापरात असलेल्या पेलेटची पिशवी तयार ठेवा.