मॉनिटर लावताय, काढताय? मग या चुका टाळा

लिनक्सवर आयथ्री किंवा स्वे हे विंडो मॅनेजर (नुसत्या विंडो मांडणारे हलके प्रोग्रॅम) टाकले की पहिले काही दिवस मंडळी हवेत असतात. सगळं कीबोर्डवरून चालतंय, रॅम किती कमी खातंय बघा, वगैरे. मग एक दिवस ऑफिसात लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडतात, संध्याकाळी केबल काढतात आणि मला फोन येतो, "अरे, माझ्या विंडो गेल्या कुठे?" कुठे जाणारेत, आहेत तिथेच आहेत, तुम्हाला दिसत नाहीयेत एवढंच.

नोम किंवा केडीईसारख्या तयार डेस्कटॉपमध्ये मॉनिटर आला-गेला की काय करायचं हे ठरवणारं कुणीतरी मागे बसलेलं असतं. नुसता विंडो मॅनेजर घेतलात म्हणजे ते काम तुमच्याकडे आलं. हे कुणी आधी सांगत नाही, आणि सांगितलं तरी नवीन माणूस ऐकत नाही कारण त्याला आधी बारचे रंग बदलायचे असतात.

लावायची स्क्रिप्ट आहे, काढायची नाही

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर बोलतो.

एक्सवर (स्क्रीनवर चित्र दाखवणारी लिनक्सची जुनी व्यवस्था) चालणाऱ्या आयथ्रीमध्ये केबल उपटली म्हणून ते आउटपुट, म्हणजे त्या पोर्टवरची स्क्रीन, आपोआप बंद होत नाही. खात्री करायची असेल तर केबल काढून टर्मिनलमध्ये नुसतं एक्सरँडआर (एक्समधल्या स्क्रीन दाखवणारी आणि बदलणारी कमांड) मारून बघा, एचडीएमआयच्या ओळीत 'डिसकनेक्टेड' असं लिहिलेलं असेल आणि त्याच्याच पुढे रिझोल्यूशनचे आकडे तसेच्या तसे असतील. म्हणजे तार गेली पण एक्सच्या हिशोबात ती जागा अजून आहे, आयथ्रीलाही तेच वाटतंय, आणि तुमचं दोन नंबरचं वर्कस्पेस त्या नसलेल्या मॉनिटरवर मजेत उघडं आहे. ते आउटपुट तुम्ही स्वतः 'ऑफ' केलंत की मगच आयथ्री तिथली वर्कस्पेस उचलून उरलेल्या स्क्रीनवर आणतो. स्वेमध्ये हा त्रास नाही, तिथे केबल निघाली की आउटपुट जातं आणि वर्कस्पेस आपसूक सरकतात.

आता खरी गंमत. आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा होता, हुशार, पण घाई फार. त्याने एरँडआर नावाच्या प्रोग्रॅममध्ये माउसने चौकोन ओढून छान मांडणी केली: बाहेरचा मॉनिटर चालू, लॅपटॉपची स्क्रीन बंद. ती स्क्रिप्ट म्हणून सेव्ह केली, एका कीला बांधली आणि विषय संपला असं समजला. उलटी स्क्रिप्ट कुठाय विचारलं तर म्हणाला, "सर, ती नंतर करतो." दोन आठवड्यांनी क्लायंटसमोर डेमो. प्रोजेक्टर लावला, की दाबली, सगळं झकास. याचं झाल्यावर पुढच्या बोलणाऱ्याने नेहमीसारखी याची केबल खेचून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. आता याच्याकडे बाहेरची स्क्रीन गेलेली आणि आतली त्यानेच बंद करून ठेवलेली. पूर्ण काळोख. मी मागच्या खुर्चीवरून हाताने खुणा करतोय की थांब, काही दाबू नकोस, पण तोपर्यंत पठ्ठ्याने पॉवर बटण दाबून धरलेलं. सकाळपासूनच्या मीटिंगच्या नोट्स सेव्ह न केलेल्या एडिटरमध्ये होत्या, त्या गेल्या.

मशीन पूर्ण जिवंत होतं हो! आंधळेपणाने मॉड (आयथ्रीच्या शॉर्टकटची की, विंडोज किंवा ऑल्ट) आणि एंटर दाबून टर्मिनल उघडायचं, 'एक्सरँडआर' टाईप करून पुढे दोन डॅश लावून 'ऑटो' लिहायचं, एंटर मारायचं. कुठल्याही आउटपुटचं नाव न देता हे चालवलं की जे जोडलेलं आहे पण बंद आहे ते चालू होतं, आणि जे चालू आहे पण जोडलेलं नाही ते बंद होतं. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध. दोन स्क्रीन जोडलेल्या असतील तर या कमांडने त्या शेजारी शेजारी न येता एकमेकांवर येऊन बसतात, पण अडचणीच्या वेळी ते कोण बघतंय.

म्हणून माझी सवय अशी की नवीन मशीनवर आयथ्री टाकलं की बारच्या आधी, वॉलपेपरच्या आधी, ही एक ओळ कॉन्फिगमध्ये जाते: मॉड, शिफ्ट आणि एफ-बारा दाबलं की ऑटो. ही की डोळे मिटून दाबता आली पाहिजे, म्हणून ती कोपऱ्यातली. मोडमध्ये वगैरे लपवू नका, आधी हे दाबा मग ते दाबा असली सर्कस काळ्या स्क्रीनसमोर आठवत नाही. आणि तेही जमलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीनने टीटीवायवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर जा, लॉगिन करा, डिस्प्ले व्हेरिएबल (कुठल्या एक्सशी बोलायचं ते सांगणारं) शून्य नंबरचा देऊन तीच कमांड तिथून चालवा. पॉवर बटण हा उपाय नाही.

यूडेव्हचा नियम कुठून तरी चिकटवणं

दुसरा माझा लाडका शत्रू. यूडेव्ह म्हणजे हार्डवेअर लागलं-निघालं की ठरवलेलं काम सुरू करणारा लिनक्सचा भाग. "हाताने स्क्रिप्ट चालवली की चालते, केबल लावली की नाही चालत." हे वाक्य ऐकलं की पुढचं मला पाठ असतं: कुठून तरी यूडेव्हचा नियम कॉपी केलाय आणि त्यात थेट स्क्रिप्ट लावलीय.

यूडेव्ह ती स्क्रिप्ट रूट (मशीनचा मुख्य मालक) म्हणून चालवतो. रूटला तुमचा डिस्प्ले कुठला ते माहीत नाही, तुमची एक्सऑथॉरिटी (एक्समध्ये शिरायची परवानगी असलेली) फाईल कुठाय ते माहीत नाही, पाथसुद्धा तुमचा नाही. एक्सरँडआर बिचारा डिस्प्ले उघडता येत नाही म्हणून मरतो आणि ती एररही तुम्हाला दिसत नाही. मग लोक काय करतात, स्क्रिप्टमध्ये दोन्ही व्हेरिएबल ठोकून बसवतात, ते एक वेळ चालतं, पण मग पुढची पायरी म्हणजे मॉनिटर जागा व्हायला वेळ लागतो म्हणून 'स्लीप पाच' टाकतात, आणि इथे माझा संयम सुटतो. यूडेव्हमधून चालणारं काम पटकन संपलं पाहिजे, लांबवलंत तर यूडेव्ह ते मारून टाकतो. शिवाय केबल एकदा लावली तरी डीआरएमचा (कर्नलमधला ग्राफिक्स सांभाळणारा भाग) 'चेंज' इव्हेंट एकदाच येईल याची काही हमी नाही, दोन-तीन लागोपाठ येतात, विशेषतः डॉक असेल तर. म्हणजे तुमची स्क्रिप्ट स्वतःशीच मारामारी करत सुटते आणि स्क्रीन लपकझपक करते. मग "ड्रायव्हर खराब आहे" म्हणून कर्नल बदलायला निघतात.

यूडेव्हने फक्त सिस्टमडीच्या (मागे चालणाऱ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) एका सर्व्हिसला हाक मारावी, बाकीचं काम सर्व्हिसने करावं. त्याहून सोपं म्हणजे ऑटोरँडर (जोडलेले मॉनिटर ओळखून सेव्ह केलेली मांडणी लावणारा प्रोग्रॅम) टाका, त्याच्या पॅकेजमध्ये हा नियम आणि सर्व्हिस दोन्ही तयार येतात. एकट्या लॅपटॉपला एक प्रोफाईल सेव्ह करा, ऑफिसला एक, घरी एक. पण क्रम लक्षात ठेवा, आधी एकट्या लॅपटॉपचं! सगळे उलटं करतात, मोठ्या मॉनिटरचं आधी, आणि एकट्याचं राहूनच जातं. अनोळखी प्रोजेक्टरसाठी डीफॉल्ट म्हणून 'हॉरिझॉंटल' द्या, ते प्रोफाईल सेव्ह करावं लागत नाही, आतच असतं.

खरं सांगू का, हे सगळं बसवूनही मी हाताने दाबायची की ठेवलेली आहेच. लॅपटॉप झोपलेला असताना डॉकवरून काढला आणि घरी जाऊन उठवला, की मधल्या काळात काय झालं ते कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. ऑटोरँडरची सर्व्हिस उठल्यावर पण चालते म्हणून बहुतेक वेळा निभावतं. बहुतेक वेळा.

ग्रेपचा घोळ

स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे एक्सरँडआरने छापलेल्या ओळींमध्ये ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) 'कनेक्टेड' शोधतात. अहो, 'डिसकनेक्टेड'मध्येही तो शब्द आहेच की. त्यामुळे स्क्रिप्टला प्रत्येक मॉनिटर कायम जोडलेलाच दिसतो आणि हे महाशय तासभर केबल हलवत बसतात. शब्दाच्या आधी एक स्पेस द्या, झालं.

आउटपुटच्या नावावर विश्वास

साध्या एचडीएमआयला चालून जातं. पण टाईप-सी डॉक आला की आज जो डीपी-दोन-एक आहे तो उद्या दुसऱ्या पोर्टमध्ये खुपसलात की डीपी-तीन-एक होतो, आणि नाव ठोकून लिहिलेली स्क्रिप्ट नसलेल्या मॉनिटरला हाका मारते. मॉनिटर स्वतःची ओळख ईडीआयडीमधून सांगतो, तीच वापरा. ऑटोरँडरला नावाऐवजी ईडीआयडीवरून जुळवायला सांगता येतं. स्वे आणि कान्शीमध्ये (ऑटोरँडरचंच काम स्वेवर करणारा प्रोग्रॅम) कंपनी, मॉडेल, सिरियल असं पूर्ण नाव अवतरणात लिहायचं. कान्शीचं प्रोफाईल तेव्हाच लागतं जेव्हा त्यातले सगळे आउटपुट जोडलेले असतात आणि जास्तीचं एकही नसतं, हे न वाचता "कान्शी चालत नाही" म्हणणारे मला नियमित भेटतात. स्वस्तातले एकसारखे दोन मॉनिटर घेतले आणि दोघांनीही सिरियल दिलाच नाही तर मात्र परत पोर्टच्या नावावर यावं लागतं, मग केबलला चिठ्ठी चिकटवा आणि पोर्ट बदलू नका.

बाकीचं पटापट

वर्कस्पेस कुठल्या आउटपुटवर हे कॉन्फिगमध्ये लिहा आणि पर्याय म्हणून मागे लॅपटॉपचं आउटपुटही लिहा. असं नेमून दिलेलं वर्कस्पेस मॉनिटर परत आला की आयथ्री स्वतः तिकडे नेतो, न नेमलेलं नेत नाही.

मॉनिटरची आज्ञा 'एक्झेक ऑलवेज'मध्ये टाकू नका. आयथ्री रीस्टार्ट केलं की दर वेळी स्क्रीन लुकलुकणार.

पॉलीबार (स्क्रीनच्या कडेची माहितीपट्टी) गायब, वॉलपेपर ताणलेलं: दोन्ही परत चालवावे लागतात, ऑटोरँडरच्या पोस्टस्विच हुकमध्ये (मांडणी बदलल्यावर चालणारी स्क्रिप्ट) टाकून द्या.

तरंगती विंडो स्क्रीनबाहेर राहिली तर तिच्यावर फोकस आणून 'मूव्ह पोझिशन सेंटर'. अ‍ॅप मारायची गरज नाही.

झाकण बंद केलं म्हणजे आतली स्क्रीन बंद झाली असं नाही. बाहेरचा मॉनिटर लावलेला असताना लॉगिनडी (झाकण, पॉवर बटण सांभाळणारा सिस्टमडीचा भाग) झाकणाकडे दुर्लक्ष करतो, तो डीफॉल्टच तसा आहे, त्यामुळे विंडो खुशाल बंद झाकणाखाली उघडतात. स्वेमध्ये 'बाइंडस्विच'ने झाकणाला आउटपुट बांधा आणि 'रीलोड' व 'लॉक्ड' हे दोन्ही पर्याय द्या, नाहीतर कॉन्फिग रीलोड केलं की आतली स्क्रीन परत जिवंत.

डिस्प्लेपोर्टवाले बरेच मॉनिटर बटणाने बंद केले की केबल काढल्यासारखेच वागतात, जेवायला जाताना बटण दाबलंत की आल्यावर सगळ्या विंडो लॅपटॉपवर गोळा झालेल्या. बटण दाबूच नका, स्क्रीन लॉक करा, मॉनिटर आपला आपण झोपेल. काही मॉनिटरच्या मेनूत डीप स्लीप बंद करायची सोय असते तीही बघा.

फोरके आणि साधा फुल एचडी शेजारी ठेवून एक्समध्ये दोन्हीकडे अक्षरं सारखी दिसावीत म्हणून 'स्केल'शी खेळत बसू नका, अक्षरं धुरकट होतात. स्वेमध्ये प्रत्येक आउटपुटला वेगळं स्केल देता येतं, तिकडे जा.

आणि कॉन्फिगला शिव्या घालण्याआधी सिस फोल्डरमधल्या क्लास, डीआरएममध्ये जाऊन त्या पोर्टची 'स्टेटस' फाईल वाचा. कर्नलच 'डिसकनेक्टेड' म्हणत असेल तर आयथ्री, ऑटोरँडर, कुणीच काही करू शकत नाही. तिथे पोर्टचं नाव थोडं वेगळं दिसतं, एचडीएमआय-एक ऐवजी एचडीएमआय-ए-एक, त्याने गोंधळू नका. बऱ्याचदा लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेलं कन्व्हर्टर ईडीआयडीच पुढे पाठवत नसतं, किंवा ज्या टाईप-सी पोर्टमध्ये लावलंय त्यातून व्हिडिओ येतच नाही, नुसतं चार्जिंग आणि डेटा. डिस्प्लेलिंकचा (यूएसबीवरून चित्र पाठवणारा) डॉक असेल तर त्याला ईव्हीडीआय मॉड्यूल आणि वेगळा ड्रायव्हर लागतो, तो टाकल्याशिवाय मला फोन करू नका.