जुन्या पिकअपसाठी ड्राइव्हशाफ्ट निवडताना

जुनी पिकअप नव्याने उभी करताना ड्राइव्हशाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या नळीची, ऑर्डर सगळ्यात शेवटी द्यावी. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, टायर आणि गाडीची उंची यांतलं एकही बदललं, तरी शाफ्टचं माप, कोन किंवा फेरे बदलतात. चासी रिकामी असताना माप घेऊन शाफ्ट बनवून ठेवायचा मोह होतो. तो आवरा.

एकसंध की दोन तुकड्यांचा?

हा प्रश्न बहुतेक जण ताकदीचा समजतात. खरं तर तो फेऱ्यांचा आहे. प्रत्येक नळीला एक क्रिटिकल स्पीड असतो. फेरे तिथवर चढले की नळी मधोमध बाहेर झुकून फिरू लागते आणि तुटूही शकते. लांबी दुप्पट झाली तर हा वेग एक चतुर्थांशावर येतो. व्यास वाढवला की साधारण त्याच प्रमाणात तो वाढतो. नळीच्या भिंतीची जाडी वाढवून मात्र इथे फारसं काही साधत नाही.

साडेतीन इंच व्यासाची पोलादी नळी ६० इंच लांब असेल, तर क्रिटिकल स्पीड मिनिटाला सुमारे ६,३०० फेरे येतो. तीच ७० इंच केली तर ४,६००. प्रत्यक्षात याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच जावं, म्हणजे अनुक्रमे सुमारे ४,७०० आणि ३,५००.

आता आपली गाडी किती फेरे मागते ते काढा. ताशी वेगाचे मीटर करून ६० ने भागा, आलेल्या आकड्याला टायरच्या घेराने भागा आणि अ‍ॅक्सलच्या रेशोने (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) गुणा. २८ इंची टायरचा घेर सुमारे २.२३ मीटर. ३.७३ रेशोवर ताशी १२० किलोमीटरला शाफ्ट सुमारे ३,३४० फेरे घेतो. रेशो ४.११ असेल तर ३,६८०, म्हणजे ७० इंची नळीची मर्यादा ओलांडली.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो: ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) बसवला की शाफ्टला आराम. आराम इंजिनाला मिळतो. शाफ्टचे फेरे रस्त्यावरच्या वेगाशी बांधलेले असतात, आणि इंजिन शांत झालं की चालवणारा हमखास जास्त वेगाने जातो.

१९६७ ते १९७२ ची शेवरले सी-१० ११५ आणि १२७ इंच अशा दोन व्हीलबेसमध्ये मिळे. १२७ इंची, लांब हौद्याच्या गाडीत मी तरी दोन तुकड्यांचाच शाफ्ट ठेवेन. शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर कधीतरी बदलावं लागेल, एवढीच त्याची किंमत. आखूड गाडीत हिशेब जमत असेल तर एकसंध शाफ्ट साधा आणि सुटसुटीत. फक्त मागचा अ‍ॅक्सल वर-खाली होताना नळी क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) घासत नाही ना, ते आधी पाहा. गाडी खाली बसवली असेल तर हे हमखास तपासा.

नळी आणि क्रॉस

अ‍ॅल्युमिनियमची नळी हलकी असते, पण त्याच मापात तिचा क्रिटिकल स्पीड पोलादाइतकाच भरतो. फायदा होतो तो ती जाड व्यासाची वापरता येते म्हणून. तेवढी जागा खाली नसेल तर पोलादच बरं.

क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या टोकांच्या सांध्यांत, १३१०, १३३० आणि १३५० या मालिका नेहमीच्या. १३३० चे कप (क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या टोप्या) १३१० एवढेच असतात, फक्त क्रॉस रुंद असतो. १३५० चे कप मोठे, म्हणून तो दणकट. हिशेब इंजिनाच्या टॉर्कचा नको, पहिल्या गिअरने गुणलेल्या टॉर्कचा करा: ४०० न्यूटन-मीटरचं इंजिन आणि ३.० चा पहिला गिअर म्हणजे शाफ्टवर १,२००. पुढचा आणि मागचा योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे तुकडे) वेगळ्या मालिकेचे निघाले तर जोड-क्रॉस मिळतात, पण ताकद लहान बाजूचीच धरायची. स्लाइड योक (गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारा पुढचा योक) घेताना स्प्लाइनचे, म्हणजे त्याच्या आतल्या खाचांचे, दात मोजा. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला २७ लागतात, ४०० ला ३२.

कोन

क्रॉस कोनात फिरला की त्याच्या पलीकडच्या भागाचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. मागच्या क्रॉसचा कोन तेवढाच ठेवला, तर तो हा चढउतार पुसून टाकतो. म्हणून गिअरबॉक्स आणि पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधला, शाफ्टला जोडलेला गिअर) यांचे अक्ष समांतर हवेत. डिजिटल कोनमापी लावून तपासा: गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ५ अंश उतरता, तर पुढच्या क्रॉसचा कोन २ अंश. पिनियनही ३ अंशांवर असेल तर मागे २ अंशच येतात. १ ते ३ अंश चांगले. शून्य कोन मात्र नको, कारण कपातल्या बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत आणि कपात खाचा पाडतात. पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या गाडीत जोर लागला की पिनियनचं तोंड वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खालीच ठेवतात. एकसंध शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे कान एका रेषेत हवेत.

माप आणि चाचणी

गाडीचं वजन चाकांवर असताना माप घ्या. जॅकवर लटकत्या अ‍ॅक्सलचं माप चुकीचं येतं. स्लाइड योक पूर्ण आत ढकलून २० ते २५ मिलिमीटर बाहेर ओढा आणि दोन्ही क्रॉसच्या मध्यांतलं अंतर मोजा. दोन तुकड्यांच्या शाफ्टची मापं सेंटर बेअरिंग जागेवर बसवून वेगळी घ्यावी लागतात. तयार शाफ्टचं बॅलन्सिंग करूनच घ्या.

पहिल्या फेरीत थरथर जाणवली तर त्याच वेगात गाडी न्यूट्रलवर टाका. थरथर कायम राहिली तर दोष इंजिनाचा नाही. तो शाफ्टमध्ये, टायरमध्ये किंवा अ‍ॅक्सलमध्ये शोधा. शाफ्टच्या एका फेऱ्यात एक झटका असेल तर बॅलन्स तपासा, दोन असतील तर कोनमापी पुन्हा बाहेर काढा.