मिरचीने हात भगभगतायत? या चुका टाळा

दोन किलो लवंगी मिरच्यांची देठं खुडून झाली आणि मी तसाच आंघोळीला गेलो. पहिला तांब्या हातावर ओतला नि ओरडलोच. बायकोने बादलीत बोट घालून पाहिलं. पाणी कोमट होतं. गंमत म्हणजे आम्ही दोघंही खोटं बोलत नव्हतो.

वेदना जाणवणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाची प्रथिनं असतात. चार सारखे तुकडे, मधोमध भोक. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हे दार उघडतं, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि मेंदूकडे निरोप जातो : भाजलं! अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला १९९७ मध्ये हे दार सापडलं तेच मुळी मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सेसिनचा माग काढताना. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

पहिली चूक म्हणजे ४३ हा आकडा दगडावरची रेघ समजणं. हे दार एकूण जोर बघतं. उष्णता, कॅप्सेसिन, आम्ल, सूज येताना पेशींतून सुटणारी रसायनं, सगळे मिळून त्याला ढकलतात. कॅप्सेसिन आधीच रेटत असेल तर उरलेलं काम अंगाची ऊबसुद्धा करते. उन्हाने रापलेल्या पाठीला रोजचंच पाणी चटका देतं, ते सुजेमुळे. शिवाय हे दार तापमानाला फार हळवं. दहा अंश वाढले की शरीरातल्या बहुतेक रासायनिक क्रिया दुप्पट-तिप्पट वेगाने होतात. या दारातला प्रवाह वीसपटीहून जास्त वाढू शकतो. म्हणून मिरचीच्या हातावर गरम पाणी नकोच.

नुसतं गार पाणीही पुरत नाही. नळाखाली हात धरला की दार मिटतं, बरं वाटतं. हात बाहेर काढला की आग परत हजर, कारण कॅप्सेसिन तिथेच आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी गोडंतेल चोळा, कागदाने किंवा जुन्या फडक्याने पुसून काढा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. एकदा नाही, दोन-तीनदा. तोंड पोळलं असेल तर पाण्याऐवजी दूध किंवा दही, कारण तेच.

कुणी लिंबू चोळायला सांगतं. खरचटलेल्या हातावर ते म्हणजे आगीत तेल : आम्लानेही हेच दार उघडतं. बाम तर आणखी फसवा. त्यातलं मेंथॉल थंडीचं वेगळंच दार, टीआरपीएम८, उघडतं, म्हणून गार वाटतं. पण बऱ्याच बामांत कापूरही असतो, आणि तो उष्णतेच्या दारावर थाप मारतो.

डोळ्यात गेलं तर तेलबिल काही नाही. फक्त स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी मिरच्या हातमोजे घालूनच हाताळाव्यात, तेही नायट्राइलचे. लेटेक्समधून कॅप्सेसिन झिरपू शकतं.

आता शेवटची चूक, आपली नव्हे, औषध कंपन्यांची. वेदनेचं दार सापडलंय तर ते बंदच करून टाकू, असा सरळ हिशेब होता. पण टीआरपीव्ही१ शरीराचं तापमान आवरण्यातही गुंतलेलं असतं. ते अडवणाऱ्या एका गोळीच्या चाचणीत काहींचा ताप ४० अंशांच्या घरात गेला. अशाच दुसऱ्या काही औषधांनी चटका लागलेलाच उशिरा कळायला लागला, म्हणजे चहा ओठ भाजण्याइतका गरम आहे हे घोट घेतल्यावरही लक्षात येईना.