तारेच्या जाळीचं कंपाउंड करताय? या चुका टाळा

शेताला किंवा प्लॉटला जाळी मारायची ठरली की पहिला फोन येतो, "जाळी काय भावाने पडेल?" कोपऱ्याच्या खांबाची चौकशी कोणी करत नाही. जाळी किलोवर मिळते, दुकानात डोळ्यांसमोर तोलून देतात, तिच्यावर घासाघीस करता येते. खड्डा, काँक्रीट आणि टेका मातीखाली जातात, त्यामुळे काटछाट तिथेच होते. मी दुरुस्त केलेली बहुतेक कंपाउंडं तिथूनच ढिली झालेली होती.

कोपरे आणि घाई

जाळी ओढली की सगळा ताण टोकाच्या आणि कोपऱ्याच्या खांबांवर येतो. मधले खांब तिला फक्त उभी धरतात. तरी लोक सगळीकडे एकाच मापाचा अँगल, म्हणजे एल आकाराचा लोखंडी खांब, लावतात. मधे दीड इंची अँगल मी चालवून घेतो. कोपरा, टोक आणि गेटला मात्र ५० बाय ५० बाय ६ मि.मी.च लागतो. कोपऱ्याला दोन्ही ओळींच्या दिशेने तिरपा टेका द्यायचा आणि त्यालाही वेगळा खड्डा, वेगळं काँक्रीट. टेका नुसता जमिनीवर टेकवला तर पहिल्या पावसात रुततो. ओळ लांब असेल तर दर शंभर-सव्वाशे फुटांवर दोन टेक्यांचा एक खांब मी घालतोच, मालक कितीही कुरकुरले तरी.

जालना जिल्ह्यातली एक मोसंबीची बाग, जमीन खोल काळी. घरी वास्तुशांत होती आणि पाहुणे यायच्या आत कंपाउंड उभं दिसायला हवं होतं. ठेकेदाराने सकाळी दीड फुटाचे खड्डे घेऊन खांब रोवले, दुपारी जाळी बांधली आणि ताण यावा म्हणून जाळीचं टोक चक्क ट्रॅक्टरला बांधून ओढलं. ओल्या काँक्रीटमधले कोपरे तेव्हाच आत झुकले, पण झेंडूच्या माळांत कोणाच्या लक्षात येणार? पुढे पावसाळ्यात काळी माती फुगली, उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या आणि खांबाभोवती हात जाईल एवढी फट झाली. जाळी लोंबायला लागली, खालून रानडुकरांनी वाट केली. मला बोलावून मालक म्हणाले, "दादा, जरा ओढून घट्ट करून द्या." पण ओढायचं कशाच्या आधारावर? कोपऱ्याचा खांब दोघांनी हलवला तर काँक्रीटच्या गोळ्यासकट मुळ्यासारखा वर आला. चारही कोपरे नव्याने करावे लागले. वाचवलेले पैसे गेलेच, वर आमची मजुरी.

काळ्या जमिनीत मी अडीच फुटांच्या आत थांबत नाही. खाली मुरूम लागला तर खांब त्यात गेलाच पाहिजे. निघालेली काळी माती परत खड्ड्यात लोटायची नाही. काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), जमिनीच्या दोन बोटं वर आणलेलं आणि चारही बाजूंनी उतरतं, कारण अँगल सडतो तो मातीच्या तोंडाशी पाणी साचून. मग सात दिवस पाणी मारायचं आणि जाळीचं बंडल उघडायचंसुद्धा नाही. "लवकर सुकायचं केमिकल टाका ना" म्हणणाऱ्यांना मी दुसऱ्या ठेकेदाराचा नंबर देतो.

ताण हाताच्या पुलरने द्यायचा. जाळीच्या टोकात उभी लोखंडी पट्टी ओवून तिला ओढलं की वरपासून खालपर्यंत सारखा ताण येतो. हाताने दाबल्यावर जाळी थोडी आत जाऊन परत आली की थांबा. अजून ओढाल तर चौकोन आडवे ताणले जातात आणि पाच फुटी जाळीची उंची कमी भरते. मग दुकानदाराला शिव्या.

कटर ठेवा बाजूला

चेन लिंक जाळी कापायला कटर घेऊन उंचीभर छाटत जाणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. ही जाळी नागमोडी तारा एकमेकींत ओवून केलेली असते. जिथे तोडायची तिथल्या एका तारेची वरची-खालची गाठ पकडीने उघडा आणि ती तार स्क्रूसारखी फिरवत वर काढा. जाळी अख्खी सुटते, एकही टोक वाया जात नाही. दोन बंडलं जोडायची तर तीच तार परत फिरवत घाला. जोड शोधून सापडत नाही. शिकायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढा धीर कोणाला?

गेजची फसवणूक

गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक, हे बऱ्याच जणांना बिल भरल्यावर कळतं. १० गेजची तार सव्वातीन मि.मी. असते आणि मीटरला साधारण ६५ ग्रॅम भरते. १२ गेजची सुमारे २.६ मि.मी. आणि ४३ ग्रॅम. तारेची जाडी मोजायला व्हर्निअर सोबत न्या. कोकणात खाऱ्या हवेसाठी प्लॅस्टिक चढवलेली जाळी घेत असाल तर आतल्या तारेचं माप विचारा, कारण सांगताना प्लॅस्टिकसकट सांगतात.

बाकीचं थोडक्यात

भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी झाल्याशिवाय एकही खड्डा नको. "आमच्या आजोबांपासून बांध इथेच आहे" हे वाक्य मी फार ऐकलंय, शेजाऱ्याकडूनही. वहिवाटीचा रस्ता अडवलात तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा जातो आणि जाळी काढायची पाळी येऊ शकते.

जाळी अँगलला वेल्डिंगने चिकटवू नका. जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. बांधणीची तार पुरते.

ओढा आडवा येत असेल तर तेवढा तुकडा वेगळा, वरून टांगलेला आणि खाली मोकळा ठेवा. नाहीतर पुरात काडीकचरा अडकून दोन्हीकडचे खांबही जातात.

घरच्या लाइनचा करंट जाळीत सोडणाऱ्याचं काम मी घेत नाही, त्यात माणसं मरतात. जनावरांसाठी झटका मशीन लावायचं असेल तर त्याची तार जाळीला टेकवू नका. जाळी अँगलमधून जमिनीला लागलेली असते, सगळा झटका मातीत जातो. ती तार इन्सुलेटरवर, जाळीपासून वीतभर लांब घ्या आणि खालचं गवत वाढू देऊ नका.