परवानगीची फाइल परत का येते

बांधकाम परवानगीच्या फायली तयार करण्यात माझी अठरा वर्षं गेली. दुकानं, ऑफिसं, गोदामं, एक नाट्यगृहसुद्धा. नवीन माणूस येतो तो हेच विचारत: "मॅडम, किती दिवसांत होईल?" मी उलट विचारते, आत नक्की काय चालणार आहे? 'कमर्शियल' एवढ्यावर भागत नाही. त्याच चार भिंतींत कपड्यांचं दुकान असेल तर एक हिशोब, उपाहारगृह असेल तर दुसरा. गर्दी, जिन्याची रुंदी, स्वच्छतागृहं, पार्किंग, धूर बाहेर नेण्याची सोय, सगळंच बदलतं. वापर ठरत नाही तोवर मी नकाशाला हात लावत नाही.

मग जमीन. प्लॉट कोणत्या झोनमध्ये येतो, समोरचा रस्ता पुढे रुंद होणार आहे का, हे आधी बघा. मालकीच्या कागदावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणीचं क्षेत्र क्वचितच जुळतं; कमी असेल ते धरून गणित मांडा. कागदावर 1000 चौरस मीटर, निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.5, म्हणून मालक 1500 च्या स्वप्नात असतो. मोजणीत प्लॉट 960 भरला की 60 चौरस मीटर बांधकाम तिथेच गेलं. हे विक्रीच्या जाहिरातीआधी कळलेलं बरं.

नकाशे पक्के व्हायच्या आत कच्चा आराखडा घेऊन तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना एकदा भेटून या. बोलणं झालं की मुद्दे लिहून त्यांनाच पाठवा. तोंडी "चालेल" सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

माझ्या अनुभवात फाइल नियम मोडल्यामुळे जेवढी परत येते, त्याहून जास्त वेळा एक नकाशा दुसऱ्याशी जुळत नाही म्हणून येते. माझंच सांगते. आमच्या नकाशात जिना 1.50 मीटर. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशात त्याच जिन्याच्या कोपऱ्यात कॉलम 20 सेंटिमीटर आत सरकलेला. तपासणाऱ्या बाईंनी पट्टी ठेवली, लाल पेनाने 1.30 लिहिलं आणि फाइल माझ्याकडे ढकलली. चूक शंभर टक्के माझी होती. तेव्हापासून आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, प्लंबिंग, इलेक्ट्रिक आणि अग्निशमन असे पाचही नकाशे पारदर्शक ट्रेसिंग पेपरवर काढून एकावर एक ठेवते आणि खिडकीच्या काचेवर धरून बघते. कॉम्प्युटरवर होतं हे, पण काचेवर चुका पटकन दिसतात. निदान मला तरी.

अग्निशमनाचा ना हरकत दाखला शेवटी ढकलू नका. त्यांनी दुसरा जिना मागितला की तळमजल्यावरचं एखादं दुकान उडतं, आणि मालकाला ते आधी सांगावं लागतं. दोन्ही जिने शेजारी-शेजारी काढलेत तर उपयोग नाही; एकाकडे धूर आला तर दुसरा मोकळा राहायला हवा. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं, त्याला कुलूप नको. न्यूयॉर्कमध्ये 1911 साली ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत 146 कामगार गेले. बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद होता.

त्रुटीपत्र आलं की वाद घालू नका. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या, समोर उत्तर आणि नकाशाचा क्रमांक लिहा, बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढा, म्हणजे बदल लगेच दिसतो. न विचारलेले बदल त्याच वेळी घुसवलेत तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

परवानगी मिळाली तरी जोत्याची तपासणी आणि शेवटचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला घेण्याचा दाखला, बाकी असतं. भाडेकरूला ताब्याची तारीख त्यानंतरचीच द्या. साइटवर मंजूर नकाशांचा एकच संच ठेवा. जुने प्रिंट मी स्वतः जाऊन फाडते, कारण एका सुताराने जुन्या प्रिंटवरून बाहेर पडायचं दार आत उघडणारं बसवलं होतं. चौकट उपटून पुन्हा लावली, तेव्हा कुठे भोगवटा मिळाला.